असत्याला लाभलेले प्रवचनपीठ

पेरूचे नोबेल पारितोषिक विजेते कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा १३ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. त्यांची २०१९ साली स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झालेली ‘तिएम्पोस रेसिओस’ ही कादंबरी २०२१ पासून ‘हार्श टाइम्स’ या नावाने इंग्रजीतही उपलब्ध आहे. ‘कठीण काळ’ असा या शीर्षकाचा अर्थ. ग्वाटेमालात १९५४ साली परक्या सत्तेने घडवून आणलेले सत्तांतर हा तिचा विषय. कॅथलिक वाचकाने ती अवश्य वाचावी. तिच्यात एक मोठी उणीव आहे, आणि ती नेमकी ख्रिस्तसभेच्या बाबतीतली आहे.

कादंबरीचा आरंभ सैनिकांपासून होत नाही. तो होतो सॅम झेमरे हा केळ्यांचा व्यापारी आणि एडवर्ड बर्नेज हा प्रचारतज्ज्ञ यांच्यापासून. राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी १९५२ साली जमीनसुधारणेचा कायदा केला. मोठ्या मळ्यांतील पडीक जमीन भूमिहीनांना द्यायची आणि मालकाने कर भरताना स्वतःच सांगितलेल्या किमतीनुसार त्याला रोख्यांत भरपाई द्यायची, असा तो कायदा. युनायटेड फ्रूट कंपनीच्या वाट्याला त्या हिशेबाने सव्वासहा लाख डॉलर आले. अमेरिकी परराष्ट्र खात्याने तिच्यासाठी मागितले १ कोटी ५८ लाखांहून अधिक. (कागदोपत्री किंमत कमी दाखविणे अंगाशी कसे येते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागू नये!) मग आर्बेन्झ म्हणजे मॉस्कोचे हस्तक अशी हाकाटी सुरू झाली. सी.आय.ए.ने शेजारच्या होंडुरासमध्ये कर्नल कास्तियो आर्मास यांच्या हाताखाली काहीशे माणसांची फौज उभी केली. निकाराग्वाच्या सोमोसांनीही हातभार लावला. १८ जून १९५४ रोजी ही फौज सीमा ओलांडून आली. लष्करी दृष्ट्या ती नगण्यच होती. परंतु गुप्त रेडिओवरील अफवा, डोक्यावर घिरट्या घालणारी विमाने आणि ‘उद्या अमेरिकाच उतरेल’ ही धास्ती यांमुळे ग्वाटेमालाच्या सेनाधिकाऱ्यांचे अवसान गळाले. २७ जूनला आर्बेन्झ पायउतार झाले.

व्हार्गास योसा हे डावे लेखक नव्हेत. मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करीत १९९० साली त्यांनी पेरूच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढविली होती. त्यामुळे आर्बेन्झ साम्यवादी नव्हते, या त्यांच्या निवाड्याला वजन प्राप्त होते. तथापि आर्बेन्झ यांचे निकटचे सल्लागार साम्यवादी होते, ही बाब लेखक जरा हळुवारपणे हाताळतात. कथनाच्या दृष्टीने मधला भाग शिथिल आहे. काळाच्या सततच्या उलटापालटीमुळे वाचकाला मागची पाने चाळावी लागतात. हुकूमशहा त्रुहियोचा हेरप्रमुख जॉनी आब्बेस मात्र अंगावर काटा आणतो. कास्तियो आर्मासची प्रेयसी झालेली मार्ता हे पात्र शेवटपर्यंत हाती लागत नाही.

आता त्या उणिवेकडे वळू. कादंबरीचे शीर्षक आविलाच्या संत तेरेजाच्या शब्दांवरून घेतले आहे. काही माणसे भीत भीत तिच्याकडे आली आणि ‘काळ कठीण आहे, कोणी इन्क्विझिशनकडे तुझी तक्रार करील’ असे बजावू लागली. तिला हसूच आले, असे ती आत्मचरित्रात सांगते. म्हणजे संशयित एक संत आणि आरोपाची भीती ख्रिस्तसभेच्या आतूनच! असे शीर्षक घेणाऱ्या लेखकाने तो धागा पुढे न्यावयास हवा होता. एप्रिल १९५४ मध्ये आर्चबिशप मारियानो रोसेल इ अरेयानो यांनी मेषपालीय पत्र काढून साम्यवादाविरुद्ध उठण्याचे आवाहन भाविकांना केले. एस्किपुलास येथील कृष्णवर्णी क्रूसित ख्रिस्ताच्या मूर्तीची प्रतिकृती साम्यवादविरोधी मोहिमेत गावोगाव फिरविण्यात आली. आर्चबिशपांची भीती ढोंगी नव्हती. हंगेरीत कार्डिनल मिंडसेंटी यांना १९४९ साली जन्मठेप झाली होती. परंतु जाहिरातदाराने रचलेले असत्य गोरगरिबांच्या गळी उतरले, ते त्याला विश्वासाचा आवाज लाभला म्हणून. नुकतीच चार बिघे जमीन मिळालेला एखादा माया शेतकरी पवित्र मिस्साला बसून ते पत्र ऐकताना काय विचार करीत असेल? पुढे त्याची जमीन हिरावली गेली, तेव्हा तो कोणाकडे गेला? त्या शेतकऱ्याच्या मनात लेखक शिरत नाहीत.

उपसंहारात लेखक वृद्ध मार्ताला भेटावयास अमेरिकेला जातात. मला वाटते, त्यांनी ग्वाटेमाला नगरीच्या कॅथेड्रलची वाट धरावयास हवी होती. १९६० ते १९९६ या काळातील यादवी युद्धाच्या अत्याचारांचा अहवाल बिशप हुआन हेरार्दी यांनी तेथे २४ एप्रिल १९९८ रोजी सादर केला आणि दोन दिवसांनी, आपल्या निवासस्थानी, त्यांचा निर्घृण खून झाला. त्या कॅथेड्रलपुढच्या स्तंभांवर बळी गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत.