तणावावरची गोळी : अर्धीच सांगितलेली गोष्ट

नाशिक विभागीय मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या, की 'ताण म्हणजे कॉर्टिसॉल' असे सांगणारे लेख आमच्या वाचनात येऊ लागतात. त्यांतील बऱ्याच लेखांचा शेवट ठरलेला असतो : या संप्रेरकांना अडवणारे औषध आले, की ताण संपलाच! भाषा सोपी, आकृत्याही सुबक. पण विज्ञान म्हणून हे लेखन लंगडे आहे, असे आम्हांला वाटते.

पहिला भाग बरोबर आहे. मेंदूतील अधश्चेतकातून सीआरएफ हे संप्रेरक स्रवते. कुलपात किल्ली बसावी तसे ते पीयूषिका ग्रंथीतील ग्राहींवर बसते. मग पीयूषिकेतून एसीटीएच स्रवते व ते अधिवृक्क ग्रंथीला कॉर्टिसॉल तयार करायला लावते. ४१ अमिनो आम्लांच्या सीआरएफची रचना वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये शोधली. पुढे कुलपात अडकून बसणारी, पण ते न उघडणारी रसायने तयार झाली. त्यांपैकी अँटालार्मिन दिलेली ऱ्हीसस माकडे अनोळखी नर समोर आल्यावर कमी घाबरली, असे २००० मध्ये दिसले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये अशाच एका औषधाने नैराश्याच्या रुग्णांना उतार पडल्याचे प्रसिद्ध झाले.

लेख नेमके येथे थांबतात. म्युनिकच्या चाचणीत नकली गोळी घेणारा, तुलनेसाठीचा गटच नव्हता, हे ते सांगत नाहीत. २०१० मध्ये चिंताविकारावरील पेक्सासरफाँटच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात असा गट होता, आणि नवे औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. त्याच चाचणीतील जुने एस्सिटॅलोप्रॅम मात्र ठरले. त्यामुळे चाचणीलाच दोष देण्याची सोय उरली नाही.

गोष्टीचा पुढचा भाग तर अधिक बोलका आहे. याच जातीच्या क्रिनेसरफाँटला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. पण ती ताणासाठी नव्हे, तर अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात विकारासाठी. या रुग्णांचे शरीर पुरेसे कॉर्टिसॉल बनवू शकत नाही. त्यामुळे एसीटीएच वाढत राहते आणि ग्रंथी पुरुषी संप्रेरके जास्त तयार करते. हे औषध एसीटीएच कमी करते, म्हणून स्टेरॉइडची मात्रा घटवता येते. स्टेरॉइड बंद मात्र करता येत नाही. ते थांबले तर जीव धोक्यात येतो. लेखांतला खलनायक येथे रोज गोळीतून घ्यावा लागतो!

आमचा आक्षेप केवळ तपशिलाला नाही. परीक्षेच्या आधी छाती धडधडणाऱ्या मुलाला आपल्या शरीरातच शत्रू बसला आहे असे शिकवणे चुकीचे आहे. शिक्षकांनी असा एखादा लेख वर्गात वाचून दाखवावा आणि विचारावे : प्रयोग कोणावर झाला? तुलना कशाशी केली? हे संप्रेरक मुळीच नसते तर काय झाले असते? उत्तरे लेखात सापडली नाहीत, तर तेही मुलांनाच शोधून काढू द्यावे.