हौशी संगणक-खेळांची निर्मिती आणि प्रतीक्षेतील रसिक : दशावताराच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश : वेतनाविना उभ्या राहणाऱ्या संगणक-खेळांचा चाहतावर्ग वर्षानुवर्षे कसा टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात ‘ब्लॅक मेसा’ आणि ‘झिरो ए.डी.’ या दोन निर्मितींच्या आधारे केला आहे. रसिक आश्वासनाने नव्हे, तर सहभागाने टिकतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : हौशी निर्मिती, रसिक, दशावतार, संगणक-खेळ.

प्रास्ताविक

मालवण तालुक्यातील कट्टा परिसरात जत्रेच्या रात्री दशावतार पाहणाऱ्यास आख्यान बहुधा आधीच ठाऊक असते. तरीही तो पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जागा सोडत नाही. येथे संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगभूमीवरच रचतो आणि समोरच्या प्रतिसादानुसार लांबवतो वा आवरतो. साहजिकच प्रयोगाच्या घडणीत प्रेक्षकाचाही वाटा असतो. हौशी संगणक-खेळांचा विचार या अंगाने करता येईल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन

‘ब्लॅक मेसा’ ही १९९८ सालच्या ‘हाफ-लाइफ’ या गाजलेल्या खेळाची चाहत्यांनीच केलेली पुनर्निर्मिती होय. येथेही कथा सर्वांस परिचित होती. कुतूहल होते ते मांडणीचे. २००८ च्या अखेरीस आलेल्या झलकीत २००९ हे प्रकाशनवर्ष जाहीर झाले. प्रत्यक्षात खेळ सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि तोही ‘झेन’ या अखेरच्या भागाविना. २०१५ पासून तो विकत मिळू लागला, म्हणजे त्याचे निखळ हौशी स्वरूप उरले नाही. अखेरच्या भागासह तो पूर्ण झाला २०२० मध्ये. मूळ कृतीवरील प्रेमामुळे रसिक टिकला, हे खरे. परंतु एकदा दिलेली तारीख हुकली की हौशी कलावंतही ऋणकोच्या भूमिकेत जातो.

‘झिरो ए.डी.’चा मार्ग वेगळा आहे. प्राचीन राज्यांच्या संघर्षावरील या खेळाचा आरंभ २००१ मध्ये झाला. २००९ मध्ये त्याची आज्ञावली सर्वांस खुली करण्यात आली. २०१० पासून त्याच्या अपूर्ण, परंतु खेळता येणाऱ्या आवृत्त्या निघू लागल्या. त्यांना वर्णानुक्रमाने ‘आर्गोनॉट’, ‘बेलेरोफॉन’ अशी नावे देण्यात आली. खेळणारा येथे दोष दाखवतो, भाषांतर करतो, चित्रे वा संगीत पुरवतो. मौर्य साम्राज्यही या खेळात आहे. त्यामुळे भारतीय अभ्यासकासही येथे काही सांगण्याजोगे असते. मे २०१८ नंतरची आवृत्ती थेट फेब्रुवारी २०२१ मध्ये आली, तरी हा समूह विखुरला नाही; कारण हाती खेळण्याजोगे काही होते.

तथापि या पद्धतीस मर्यादा आहेत. २०१३ मध्ये १,६०,००० डॉलरचे लक्ष्य ठेवून केलेल्या निधिसंकलनातून सुमारे ३३,००० डॉलरच जमले. आस्था आणि अर्थसाहाय्य या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. शिवाय अपूर्ण रूपाचीच सवय जडलेला रसिक पुढील बदलास विरोध करू शकतो. तेव्हा ‘चाहते टिकवणे’ हेच कार्य निर्मितीहून मोठे होण्याचा धोका संभवतो आणि त्याचा भार फावल्या वेळात विनामोबदला राबणाऱ्यांवर पडतो.

दशावताराशी तुलना येथे थोडी अपुरी पडते. जत्रेची तिथी गावास ठाऊक असते आणि दहीहंडी फुटली की प्रयोग संपतो. नट व प्रेक्षक दोघेही मोकळे होतात. हौशी खेळाला अशी पहाट नसते.

निष्कर्ष

१. पाळता न येणाऱ्या तारखेपेक्षा अपूर्ण, पण हाती घेता येणारी कृती रसिकास अधिक काळ बांधून ठेवते.

२. सहभागाबरोबर हक्काची भावनाही येते. तिची सीमा निर्मात्यांनी आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरते.

३. ठरावीक टप्प्यावर एखादा लहानसा ‘दहीकाला’ योजणे, म्हणजे काही भाग पूर्ण झाल्याचे जाहीर करणे, निर्माते व रसिक या दोघांच्याही हिताचे आहे. आपल्या महाविद्यालयीन हौशी नाट्यमंडळांनाही हा विचार लागू पडावा.