‘परभारें’ आणि ‘अप्रत्यक्षपणें’

इंग्रजींतील ‘इंडिरेक्टली’ या क्रियाविशेषणाकरितां आपल्या इतिहासलेखनांत ‘अप्रत्यक्षपणें’ हा एकच शब्द सर्रास योजिला जातो. ‘धाराशिव प्रांतीं इंग्रजांची सत्ता अप्रत्यक्षपणें होती’ हें विधान याच सवयीचें फळ होय. शब्द सोयीचा आहे. परंतु त्याच्या योगानें दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते, असें आम्हांस वाटतें.

इंग्रजी शब्दांत वाट सरळ नसल्याचा भाव आहे, तर ‘अप्रत्यक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोर नसलेलें. आपला जुना ‘परभारें’ वाटेविषयीं कांहींच बोलत नाहीं. ज्याच्या हातून काम व्हावयाचें त्यास वगळून तें झालें, एवढेंच सांगतो. कुळानें खंड मालकाच्या हातीं न देतां मालकाच्या सावकाराकडे पोंचविला, तर तो परभारें गेला. वाट येथें उलट जवळची झाली. ‘परस्पर’ हाही निकटचा शब्द. मात्र त्यांत न विचारतां केल्याचा ठपका बहुधा असतो.

आतां २१ मे १८५३ चा तह पाहावा. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं निजाम नासिरुद्दौला यानें वऱ्हाड, रायचूर दोआब व धाराशिव हे मुलूख कंपनीच्या कारभारांत दिले. स्वामित्व निजामाचें राहिलें. कंपनीनें दरसाल हिशेब द्यावा व शिल्लक निजामास पोंचवावी, असें ठरलें. म्हणजे वसूल हैदराबादच्या खजिन्यांत न शिरतां परभारें फौजेकडे वळला. नाखुशीची कां होईना, निजामाची संमति होती. म्हणून येथें ‘परस्पर’ म्हणतां येत नाहीं. आणि ‘अप्रत्यक्ष’ तर मुळींच नाहीं. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहणारा कॅप्टन मेडोज टेलर रयतेच्या डोळ्यांसमोर वावरत होता. वसूल परभारें, पण अंमल प्रत्यक्ष, अशी ही स्थिति होती.

१८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दोआब निजामास परत मिळाले. पुढें १९४७ पर्यंत येथील अंमलदार निजामाचे आणि त्यांच्यामागें रेसिडेंटाचा दाब, असा प्रकार चालला. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द या काळास शोभतो. तोच पहिल्या सात वर्षांवर लादल्यास वसूल कोणाच्या हातांत होता, हा इतिहासाचा मुख्य प्रश्नच झांकला जातो.

तेव्हां अभ्यासकांनीं हा शब्द लिहिण्यापूर्वीं दोन गोष्टी तपासाव्या: कोणाचा हात टळला, आणि कोण डोळ्यांआड राहिला. पहिल्या ठिकाणीं ‘परभारें’ लिहावें, दुसऱ्या ठिकाणीं ‘अप्रत्यक्षपणें’. इंग्रजींत दोहोंस एक शब्द चालतो, म्हणून मराठीनें आपला भेद सोडण्याचें कारण नाहीं.