रोज वाजवणारा बँड कुठे गेला?

आज मुंबई-पुण्यात बाविशीतला गिटारवादक जितका तयार असतो, तितका वीस वर्षांपूर्वी तिशीतला नसायचा. हात सफाईदार, सूर पक्का, वाद्यं उत्तम, घरबसल्या रेकॉर्डिंगची सोय. तरीही शनिवारी रात्री एखाद्या पबमध्ये बँड ऐकून बाहेर पडताना मला एक उणीव वारंवार जाणवते. चौघं-पाचजण आपापला वाटा चोख वाजवतात, पण ते एकमेकांना ऐकत आहेत असं वाटत नाही. गायकाने ओळ जरा लांबवली तर ड्रमर थांबत नाही. समोरची गर्दी उसळली तर ती उसळी पकडून गाणं पुढे नेणं कुणाला सुचत नाही. गाणं ठरल्या जागी सुरू होतं आणि ठरल्या जागी संपतं. तालमीच्या खोलीत ही उणीव भरून निघत नाही. त्यासाठी लोकांसमोर, त्याच जागी, आठवड्यामागून आठवडे वाजवावं लागतं. आपल्या शहरांतून नेमकी हीच सोय गेली आहे.

ती एके काळी होती. १९३५मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आला, टेडी वेदरफोर्ड आला. या मंडळींबरोबर वाजवत गोव्याच्या वादकांनी जॅझ आत्मसात केला. चर्चमधल्या संगीतशाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मुलं होती. मुंबईच्या नाचघरांत त्यांना रोजची नोकरी मिळाली आणि त्या नोकरीने त्यांना घडवलं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर व्हाझ त्यांच्यातलाच. पुढे स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, गेलॉर्ड, अॅम्बॅसॅडर, अॅस्टोरिया, बॉम्बेलीज अशा जागा होत्या. तिथे बँड महिनोन्‌महिने नेमलेले असत. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना याच वातावरणातले. त्यांच्या गाण्यांवर बार्डरॉय बारेटो यांनी ‘नाचूंया कुंपासार’ हा कोकणी चित्रपट २०१४मध्ये केला.

मराठी वाचकाला हा इतिहास परका वाटू नये. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, ‘अलबेला’साठी जो झगमगता ब्रास आणि झुलता ठेका हवा होता, तो चिक चॉकलेट आणि त्याच्या साथीदारांकडे होता. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, असं त्या वादकांचं आयुष्य होतं. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्या संगीत-संयोजनाने हिंदी चित्रपटगीतांना जे भरीव अंग दिलं, त्याच्या मागे ही रात्रीची तालीम होती. पगारी बँडला आज रिकामं टेबल समोर असलं तरी वाजवायचं असतं आणि उद्या तुडुंब गर्दी असली तरी. कसब त्यातून येतं.

सत्तरच्या दशकात डिस्कोथेक आली. एका माणसाने तबकड्या लावल्या की आठ जणांचा पगार वाचू लागला. कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये १९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट स्थानिक वादकांची वाद्यं घेऊन वाजवून गेले, ती आठवण मुंबईचे जुने रॉकप्रेमी अजून जपून आहेत. पण एका रात्रीच्या चमत्काराने कुणाला रोजचं काम मिळत नाही. पुढची पिढी कॉलेजांच्या महोत्सवांतून आणि धोबी तलावच्या रंगभवनातून उभी राहिली. १९७८पासून तिथे ‘जॅझ यात्रा’ भरली, १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’. १९८४मध्ये सुरू झालेल्या रॉक मशीनने, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडने, स्वतःची इंग्रजी गाणी लिहून रेकॉर्ड काढण्याची धमक दाखवली ती याच काळात. रंगभवन उघडं नाट्यगृह होतं. तिकीट परवडणारं होतं आणि सोळा वर्षांच्या मुलालाही आत जाता येत होतं.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आखलं. रुग्णालय आणि कॉलेज शेजारी असलेलं रंगभवन त्यात सापडलं आणि तिथलं संगीत थांबलं. नियम योग्यच आहेत. आजारी माणसाच्या झोपेपुढे कुणाचंही गिटार मोठं नाही. पण परिणाम असा झाला की रात्रीचं संगीत बंद खोलीत गेलं, आणि आपल्या शहरात बंद खोली चालवायची तर खर्च दारूच्या विक्रीतूनच निघतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आहे, इतर मद्यासाठी २५. म्हणजे बँड ऐकून वेडं होण्याचं, घरी जाऊन वडिलांकडे गिटार मागण्याचं जे वय, त्या वयाला दारातच अडवलं गेलं. श्रोते कमी का झाले, याची चर्चा होते तेव्हा हे कारण क्वचितच कुणी मांडतं.

बंद खोली कशी असावी, याचं उत्तर मुंबईने एकदा दिलंही. २००७मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. ते उभं करणाऱ्यांत संगीतकार होते, त्यामुळे खोलीचा विचार आधी कानाने झाला. गोल खोलगट बैठका एकावर एक चढत जाणाऱ्या, मागच्या माणसालाही रंगमंच दिसावा अशा. छत उंच, ध्वनियंत्रणा तोलामोलाची, ध्वनिसंयोजक जाणता. तिथे पहिल्यांदा अनेकांना कळलं की बेस गिटार छातीवर आदळल्याशिवायही ऐकू येऊ शकतं आणि गायकाचे शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोहोचू शकतात. जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसिरसमध्ये त्याआधी उत्साह होता. ब्लू फ्रॉगमध्ये उत्साहाला दर्जाची जोड मिळाली. २०१६मध्ये मुंबईतलं ते दार बंद झालं. नंतर जागा पुष्कळ निघाल्या, काही चांगल्याही आहेत, पण केवळ ऐकण्यासाठी बांधलेली एवढी मोठी खोली मुंबईला पुन्हा मिळाली नाही. डिसेंबर २०१७मध्ये जवळच्याच कमला मिलमधल्या दोन पबना आग लागून चौदा माणसं गेली. त्या आगीने गच्चीवरच्या आणि कोंडलेल्या जागांचं धोकादायक वास्तव उघडं केलं. रात्री कुठेही जाताना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा आधी बघून ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. या गिरण्यांच्या भोवतालच्या चाळींत भजनी मंडळं होती, शक्ती-तुरा होता, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्यांच्या जागी जे संगीत आलं, त्याने शेजारच्या चाळीशी ओळखसुद्धा करून घेतली नाही. मुंबईच्या बँड-संस्कृतीतली ही सर्वांत मोठी पोकळी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रंगमंचावर काय वाजतं ते पाहू. बहुतेक पब आठवड्यातला एखादा वार बँडला देतात आणि त्यातही मागणी असते ती गाजलेल्या हिंदी गाण्यांची. परक्याचं गाणं वाजवण्यात कमीपणा नाही. चर्चगेटचे बँडही तेच करत. पण ते रोज वाजवत, म्हणून हळूहळू गाणं आपलं करून घेत. आजचा बँड एका जागी तीन-चार महिन्यांतून एकदा येतो. तेवढ्यात पसंतीस उतरायचं म्हणून तो धोका टाळतो. स्वतःची दोन गाणी मध्ये दडवून वाजवतो, तीही टेबलांवर ऑर्डरी चालू असताना. हिशेबही तसाच असतो. दारात घेतलेला कव्हर चार्ज खाण्यापिण्यात वळता होतो, म्हणून श्रोत्याला वाटतं की संगीत फुकट मिळालं. जे फुकट मिळालं त्याच्यासाठी तो गप्पा थांबवत नाही.

तंत्राने आणखी एक अडचण आणली आहे. लॅपटॉपवरचा आधीच मुद्रित केलेला ‘ट्रॅक’ आणि त्याच्याशी लय जुळवून ठेवणारा कानातला क्लिक यांच्या जोरावर चौघांचा बँड वीसजणांसारखा ऐकू येतो. मोठ्या मैदानात हे उपयोगी आहे, छोट्या खोलीत घातक. क्लिक लावला की गाणं लांबवता येत नाही, थांबवता येत नाही, हळुवार करता येत नाही. समोर कुणी डोळे मिटून ऐकत असेल तर त्याच्यासाठी आणखी एक आवर्तन घ्यावं, ही मुभाच उरत नाही. छोट्या जागेत वाजवणाऱ्या बँडांनी महिनाभर लॅपटॉप घरी ठेवून पाहावा. आणि ड्रमरने खोली बघून काठी उचलावी. बुटक्या छताखाली ड्रमचा आवाज गायकाला गिळतो, मग गायकाचा आवाज वाढवतात, मग गिटारचा, आणि शेवटी शब्द कुणालाच कळत नाहीत.

शब्दांचा विषय निघाला म्हणून मराठीविषयी. केरळच्या ‘अवियल’ या बँडने मल्याळम रॉक ताठ मानेने उभा केला, बंगालीत तर ही परंपरा कितीतरी जुनी. मराठीत ‘अभंग रिपोस्ट’ने तुकोबा-नामदेवांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीने तरुणांसमोर नेले. गजर टिपेला जातो तेव्हा इंग्रजी शाळांत शिकलेली मुलंही शब्द ओठांवर घेऊन उभी असतात. हे यश खरं आहे आणि मला त्याचं मोल वाटतं. पण अभंगाचे शब्द श्रोत्याला आधीच पाठ असतात. आजच्या नोकरीवर, लोकलवर, प्रेमावर, भाड्याच्या खोलीवर नवी मराठी गाणी लिहून ती पबमध्ये ऐकायला लावणारे बँड फार थोडे. ते धैर्य सध्या रॅपवाल्यांनी दाखवलं आहे. ‘स्वदेसी’ने मराठीसह अनेक भाषांत, वारली पाड्याचा प्रश्न घेऊन ते करून दाखवलं.

पुण्यात कोरेगाव पार्कच्या आसपास निष्ठावान श्रोता टिकून आहे. ‘एनएच७ वीकेंडर’ २०१०मध्ये तिथूनच सुरू झाला, ‘अग्नी’ आणि ‘ईझी वॉन्डरलिंग्ज’ या शहराचे. गोव्यात पर्यटकांच्या हॉटेलांतून ‘ट्रॅक’वर गाणारे एकटे-दुकटे कलाकार वाढले, पण लग्नाच्या रिसेप्शनला अजून जिवंत बँड लागतो, म्हणून तिथल्या पोरांचा हात चालता राहतो. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांचंही तसंच आहे. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड घेऊन गणपतीपासून हळदीपर्यंत वाजवणारी ही मुलं मोसमात रात्रीमागून रात्री वाजवतात. रस्त्यावरच्या गर्दीचा रंग बघून गाणं बदलण्याचं त्यांचं कसब पबमधल्या अनेक बँडांपेक्षा सरस आहे. मोठे महोत्सव आणि लोलापालूझासारखे मेळे जोरात आहेत, हजारो रुपयांची तिकिटं विकली जातात. पण तिथे वाजवण्यालायक बँड तयार होतो तो छोट्या खोलीतच.

म्हणून जागा चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दर आठवड्याला नवा बँड शोधण्यापेक्षा एका बँडला एक वार सलग तीन महिने द्या. मंगळवार द्या, तुमचं नुकसान कमीत कमी होईल. तिकीट वेगळं ठेवा, ते पैसे बँडला द्या आणि महिन्यातली एक संध्याकाळ दारू बंद ठेवून कॉलेजच्या मुलांना आत घ्या. वाचकहो, तुमच्या शहरात असा मंगळवार सुरू झाला, तर दोनशे रुपये खिशात घेऊन जा, पुढच्या टेबलावर बसा आणि बँडचं स्वतःचं गाणं सुरू झालं की बोलणं थांबवा. आवडलं तर पुढच्या मंगळवारी पुन्हा जा.