तिकीट कोणाचे, नाटक कोणाचे?
आमच्या हौशी नाट्यसंस्थांची एक कायमची तक्रार आहे: प्रेक्षक येत नाही. ती तपासून घेतली पाहिजे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांतून होत. तिथे प्रेक्षक ओढून आणावा लागत नव्हता. आता प्रयोग शहरातल्या नाट्यगृहात लागतो. भाडे, नेपथ्य, प्रकाशयोजना यांचा खर्च तिकिटावर चढतो आणि ज्याच्या जगण्यावर नाटक बेतलेले असते तो मजूर दाराबाहेर राहतो.

यावर उपाय म्हणून फुकट प्रयोग होतात. पण खर्च कोणीतरी सोसतोच. तो पुढाऱ्याने सोसला की मध्यंतरात त्याचा सत्कार होतो आणि संहितेची धार बोथट होते.

प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'ने दोनच पात्रांत केवढा आशय पेलला! खर्च असा आवरावा. प्रयोग वस्तीत न्यावा, पगाराच्या आठवड्यात लावावा, घरोघर जाऊन अल्प दराचे तिकीट विकावे. ज्याच्यापाशी तेवढेही नाहीत त्यालाही आत घ्यावे. पदरचे पैसे मोजणारा माणूस नाटक फसले तर तोंडावर सांगतो. आपल्या रंगभूमीला देणगीदारापेक्षा या टीकाकाराची गरज अधिक आहे.