'एकच प्याला' आणि अवधानाचा संकोच

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकरासारख्या बुद्धिमान वकिलाचा अधःपात इतक्या वेगाने व्हावा हे असंभाव्य होय, असा आक्षेप या नाटकावर संभवतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० साली विशद केलेल्या उपपत्तीच्या प्रकाशात तो तपासण्याजोगा आहे. त्यांच्या मते मद्याने नीतिनियम पुसले जात नाहीत. अवधानाचे क्षेत्र आकुंचित होते. समोरचे आणि ठळक तेवढे जाणवते. दूरचे, सूक्ष्म, विचाराने ताडावयाचे ते निसटते.

या दृष्टीने तळीराम हा केवळ खलपुरुष उरत नाही. सनद तहकूब झाल्याने दुखावलेल्या सुधाकराच्या हाती तो पेला देतो, आणि आर्य मदिरामंडळ त्याच्याभोवती असा समाज उभा करते, की त्यातील प्रत्येक निकटचा संकेत 'घे' एवढेच सांगतो.

याउलट सिंधूची सहनशीलता मूक आहे. तिचे दुःख तिच्या न बोलण्यातून ओळखावे लागते. आणि असे ओळखणे हीच शक्ती मद्य प्रथम हिरावून घेते. जे पातिव्रत्य प्रेक्षकांना हेलावते, तेच सुधाकरापर्यंत पोहोचत नाही. नाटकाची खरी शोकात्मता येथे आहे.

तथापि या उपपत्तीस मर्यादा आहे. ती धुंदीचे क्षण उलगडते, शुद्धीचे नव्हे. व्यसन सोडून काम मागू लागलेल्या सुधाकराला प्रतिष्ठितांची अवहेलना स्पष्ट दिसते, आणि ते स्पष्ट दिसणेच त्याला पुन्हा पेल्याकडे लोटते. त्याचा अहंकार प्याल्याच्या आधीचा आहे. त्याचे श्रेय मद्याला देणे म्हणजे गडकऱ्यांच्या स्वभावचित्रणास उणेपणा आणणे होय.

शिरोळसारख्या ऊसपट्ट्यातील तालुक्यात, जेथे मळीपासून मद्यार्क निघतो हे पोरालाही ठाऊक असते, हा प्रश्न केवळ नाट्यशास्त्राचा राहत नाही. धुंदीत असलेल्या माणसाला अब्रूचा आणि भविष्याचा दाखला देणारा उपदेश दूरच्या गोष्टी सांगतो, म्हणून वाया जातो. निवारक संकेत निकटचा व ठळक असेल, तर मात्र मद्यपीही सावधपणे वागू शकतो, असे पुढील प्रयोगांत आढळले आहे. रामलालाचा कळकळीचा उपदेश का विफल होतो, याचे उत्तर त्याच्या वक्तृत्वात न शोधता ऐकणाऱ्याच्या अवधानात शोधावे लागेल.