भंगारातली साक्ष

भंगाराची शिल्पं दिसली की पांढरपेशा प्रवासी 'काय गंमत आहे!' म्हणतो, फोटो काढतो, पुढं जातो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जोशुआ ट्री इथं नोआ प्युरिफॉय या काळ्या शिल्पकाराचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. दहा एकरांत पत्रे, सायकली, संडासाची भांडी. १९८९ पासून २००४ साली मरेपर्यंत तो इथं राबला. पण दोस्तहो, ही गंमत नाही.

मूळ बघा. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिसची वॉट्स ही काळ्यांची वस्ती पेटली. प्युरिफॉय आणि साथीदारांनी जळकी लाकडं, वितळलेल्या निऑन पाट्या असा तीनेक टन माल उचलला. १९६६ साली त्याचं प्रदर्शन मांडलं, तेही वॉट्समधल्याच शाळेत. राख ज्यांची, कला त्यांची.

आता वाळवंटातलं एक शिल्प घ्या. 'व्हाइट' लिहिलंय तिथं पिण्याच्या पाण्याचा नळ. शेजारी 'कलर्ड' लिहिलंय तिथं संडासाचं भांडं. बस्स. १९२७ साली महाडला ओंजळभर पाण्यापायी ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्या नातवंडांना याचा अर्थ कुणी समजावायला नको.

मतभेद एकच. शिल्पं उन्हावाऱ्यात झिजू द्यायची, निसर्गालाही कामात भागीदार करायचं, ही त्याची भूमिका. कलेच्या हिशेबात ठीक. पण गंज पुरावाही खातो. आपल्या कवींच्या पातळ चोपड्या वाळवीनं खाल्ल्या, तेव्हा निसर्ग कुणाच्या बाजूनं होता? अन्यायाची साक्ष झिजून चालत नाही. ती जपायलाच पाहिजे.